बंबवाल्याचा धोका कोणाच्या माथी?

आगीशी झुंजणे हाच ज्याचा पेशा, त्याला इजा झाल्यास घरमालक जबाबदार कसा? अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली ठरविले, की आगीच्या वेळी आत शिरलेला माणूस केवळ परवानगीने आलेला. सबब त्याच्यासाठी घर निर्धोक राखण्यास मालक तेव्हा बांधलेला नव्हता.

इंग्लंडात निराळे घडले. वळचणीच्या फळ्यांवरील रंग ज्योतीने जाळताना एका मालकाने घरच पेटविले. छपराखाली शिरलेला जवान, संरक्षक पोशाख असूनही, वाफेने भाजला. १९८७ साली लॉर्ड्‌स सभेने निवाडा दिला: हलगर्जीने आग लावणाऱ्याने विझविणाऱ्याच्या इजेचीही भरपाई केली पाहिजे.

धोका पत्करणे हे जवानाचे कर्तव्य खरे. पण म्हणून तो निर्माण करण्याची मुभा कोणास मिळत नाही.