बाराखडी गिरवा, मत मिळवा!

मत द्यायचंय? मग आधी एक वाक्य लिहून दाखवा! मॉरिशसमध्ये 1948 साली खरंच असं घडलं. तोवर मताचा हक्क मालमत्ता आणि कमाई बघून मिळायचा, त्यामुळे उसाच्या मळ्यांत राबणारे बहुतेक जण यादीबाहेरच. नव्या घटनेनं अट बदलली. बेटावर रुळलेल्या कुठल्याही भाषेत साधं वाक्य लिहिता-वाचता आलं की नाव यादीत. त्यात हिंदीही आली!

समाजसेवक बासदेव बिसुनदयाल यांच्या ‘जनआंदोलन’ चळवळीनं ही संधी अचूक हेरली. गावोगावी रात्रीचे वर्ग भरले. दिवसभर कोयता चालवलेल्या हातांनी पेन्सिल धरली, नाव लिहिलं, मग वाक्य लिहिलं. मतदारांचा आकडा 12 हजारांच्या आसपास होता, तो थेट 72 हजारांच्या घरात गेला. माझ्या मते हिंदी शिक्षणाच्या अख्ख्या इतिहासातला हा सर्वांत देखणा विजय आहे.

या वर्गांची मुळं मात्र जुनी. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून भारतातून करारावर आणलेल्या गिरमिटिया मजुरांची तुकडी पोर्ट लुईला उतरली आणि पुढे लाखोंची रीघ लागली. त्यातल्या बहुतेकांच्या घरात भोजपुरी, हाताशी तुलसीरामायण. मळ्यावर गवतानं शाकारलेली एक झोपडी असायची, तिचं नाव बैठका. संध्याकाळी तिथेच भजन, तिथेच पंचायत आणि तिथेच कंदिलाच्या उजेडात पोरांचा ‘क, ख, ग’!

आता जरा कान टवकारा, कारण इथे आपले लोकमान्य येतात. लाँग माउंटन गावातल्या हिंदीप्रेमींनी 1926 मध्ये शाळा काढली आणि तिला नाव दिलं ‘तिलक विद्यालय’. पुढे तिचीच हिंदी प्रचारिणी सभा झाली. छापखाना परवडत नव्हता त्या काळात या मंडळींनी ‘दुर्गा’ नावाचं मासिक चक्क हातानं लिहून काढलं. पुढे प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलन या संस्थेच्या परीक्षाही सुरू झाल्या. पेपर प्रयागचा, परीक्षार्थी हिंदी महासागरातला!

नागपूरकरांनो, तुमचाही वाटा आहे बरं का. पहिलं विश्व हिंदी संमेलन 10 जानेवारी 1975 रोजी नागपुरात सुरू झालं आणि अध्यक्ष होते मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. पुढच्याच वर्षी दुसरं संमेलन त्यांच्या बेटावर. नागपुरात निघालेल्या विचारातून विश्व हिंदी सचिवालय उभं राहिलं, तेही मॉरिशसमध्येच. आणि 10 जानेवारी हाच आता विश्व हिंदी दिवस.

भाषेवरून रुसवेफुगवेही झाले. मॉरिशसच्या नोटांवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी अशा तीन भाषा असतात. 1998 च्या नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली, तमिळ समाज खवळला, आणि सरकारला नोटा मागे घेऊन जुना क्रम परत आणावा लागला.

आणि मराठी? तीही तिथे शिकवली जाते, प्राथमिक शाळेपासून ते मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेपर्यंत. शाळेतल्या ऐच्छिक भाषांच्या रांगेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्या शेजारी मराठीचाही तास असतो. 2012 पासून त्या रांगेत बेटावरची बोली क्रेओल आली आणि एके काळची घरोघरची भोजपुरीसुद्धा.