शेतकऱ्याचा टेम्पो आपल्या वस्तीत थांबेल कसा?

आम्ही देवनार-गोवंडी भागातल्या बचतगटांचं काम बघतो. गटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज हे विषय झाले की गाडी हमखास भाजीच्या भावावर येते. म्हणून आज त्याच विषयावर, शेतकरी आठवडे बाजारावर बोलू या. हा बाजार म्हणजे काय, तो आपल्याकडे का येत नाही आणि आणायचा तर आपल्याला काय करावं लागेल, ते बघू.

आपण राहतो ती जागा आधी डोळ्यांसमोर आणा. हार्बर लाइनवर गोवंडी, मग मानखुर्द, आणि खाडी ओलांडली की वाशी. मुंबईचा भाजीचा मोठा घाऊक बाजार तिथे, वाशी-तुर्भ्याला आहे. तिथून निघालेले टेम्पो खाडीपूल ओलांडतात आणि मानखुर्दवरून पुढे शहरात जातात. म्हणजे मुंबईची भाजी आपल्या दारावरून जाते. पण आपण कामावरून संध्याकाळी सात-आठला परततो, तेव्हा स्टेशनबाहेर वाट्यावर उरलेली असते ती उतरलेली पालेभाजी आणि मऊ पडलेले टोमॅटो. बाहेरच्या लोकांना देवनार म्हटलं की १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राउंड आठवतं, नाहीतर कत्तलखाना. इथे लाखो माणसं रोज जेवतात, हे कुणाला आठवत नाही.

आता पैशांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाजी आणि फळं खावीत. यात बटाटा धरत नाहीत. म्हणजे वडापाव, बटाट्याची भाजी, समोसा हे सगळं यादीबाहेर. पाच माणसांचं घर धरा. लहानग्यांना कमी लागतं, पण हिशेबापुरतं सगळ्यांना सारखंच मोजू. रोज दोन किलो झाले, महिन्याला साठ किलो. समजा सरासरी भाव किलोला ६० रुपये पडला, तर महिन्याचे ३,६०० रुपये झाले. भाव ४० रुपये पडला, तर २,४००. किलोमागे वीस रुपयांचा फरक महिन्याला १,२०० रुपयांचा होतो. घरकाम करणाऱ्या बाईला एखाद्या घरच्या कामाचे जेवढे मिळतात, साधारण तेवढेच हे पैसे. म्हणून कुणी नुसतं ‘पौष्टिक खा’ म्हटलं की आम्हाला राग येतो. खायचं काय ते आपल्याला कळतं, अडतं ते पैशापाशी.

आणि याची किंमत आपलं अंग मोजतं. २०१९ ते २०२१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे तो वाढला. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते, पोरांवर उगाच चिडचिड होते. आपण म्हणतो, ‘कामाचा शीण आहे.’ पुष्कळदा ते रक्त कमी असल्याचं लक्षण असतं.

मग भाजी महाग का होते? शेतकऱ्याला पैसे भरपूर मिळतात म्हणून नव्हे. जुन्नरकडच्या शेतातून टोमॅटोचा एक क्रेट निघाला असं धरा. गाडीभाडं लागलं. बाजारात उतरवायची हमाली, तोलाई आणि अडत्याची अडत लागली. तिथून किरकोळ विकणाऱ्याने माल उचलला, त्याचं टेम्पोभाडं लागलं. वाटेत दबलेला, सडलेला माल फेकला गेला, ती घट उरलेल्या मालावर चढली. शेवटी हातगाडीवालीची दिवसभराची मजुरी आली. यात प्रत्येक जण काही ना काही काम करतोच, कुणी फुकट खात नाही. पण हात जेवढे जास्त आणि वेळ जेवढा जास्त, तेवढी भाजी महाग आणि शिळी होते.

शेतकरी आठवडे बाजारात हे मधले हात कमी होतात. शेतकऱ्यांचा गट गाडी भरतो, शहरात ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी उभा राहतो आणि स्वतः विकतो. आपल्या राज्यात जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला गेला, म्हणजे बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केलं. सावतोबा सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे, मळ्यात राबणारे संत. नाव अगदी योग्य दिलं आहे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. १९९९ साली तेव्हाच्या एकत्र आंध्र प्रदेशात ‘रयतु बाजार’ सुरू झाले. त्याच वर्षी तमिळनाडूत ‘उळवर संदै’ आले. तिथे शेतकऱ्याला फोटोचं ओळखपत्र असतं, म्हणजे व्यापारी शेतकरी बनून बसू शकत नाही. रोजचा भाव फळ्यावर लिहितात. तो घाऊकपेक्षा थोडा जास्त आणि किरकोळपेक्षा कमी असतो, त्यामुळे शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळतात आणि घेणाऱ्यालाही परवडतं. तमिळनाडूने तर शेतकऱ्यांचा माल सरकारी बसमधून विनाभाडं आणायची सोय केली.

इथे एक गैरसमज दूर करू. शेतकरी बाजारातली भाजी म्हणजे सेंद्रिय भाजी, असं नसतं. ती ताजी असते, थेट आलेली असते, एवढंच. वांद्र्याला २०१० मध्ये सेंद्रिय मालाचा बाजार सुरू झाला, तो वेगळा प्रकार आहे. शेतकऱ्याला मोकळेपणाने विचारा, ‘दादा, फवारणी कधी केली होती?’ आणि घरी आणल्यावर भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. धुऊन मग चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जातं.

मग हे बाजार आपल्याकडे का येत नाहीत? शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. पहाटे माल तोडून, डिझेल जाळून तो मुंबईत आला, तर गाडी रिकामी करूनच त्याला परतायचं असतं. मोठ्या सोसायटीत एकेक बाई पिशव्या भरून नेते. आपण पाव किलो घेतो, तेही रोजच्या रोज, कारण मजुरी रोजची असते आणि सगळ्यांकडे फ्रीज नसतो. शिवाय बाजार भरतो रविवारी सकाळी आणि त्या वेळी आपल्यातल्या निम्म्या जणी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात. तेव्हा शेतकऱ्याला वाटतं, वस्तीत गिऱ्हाईक नाही.

मैत्रिणींनो, गिऱ्हाईक आहे, फक्त ते विखुरलेलं आहे आणि ते गोळा करायची ताकद बचतगटात आहे. पुन्हा हिशेब करा. वीस बायकांचे दहा गट म्हणजे २०० घरं. प्रत्येक घराने आठवड्याला पाच किलो भाजी एकत्र घेतली, तर १,००० किलो होते. एक टन. लहान पिकअप गाडी साधारण एक ते दीड टन माल आणते. म्हणजे दहा गटांनी ठरवलं, तर शेतकऱ्याची गाडी एका संध्याकाळी रिकामी होऊ शकते. सोसायटीकडे मोठं अंगण असेल, पण आपल्याकडे ठरलेली २०० घरं आहेत आणि शेतकऱ्याला तेच हवं असतं.

आमच्या तीन गटांनी याची लहान सुरुवात केली. शनिवारी दोघी जणी लोकलच्या लगेज डब्यातून वाशीला जातात, एकत्र माल आणतात आणि इथे वाटून घेतात. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, मागणी आधी लिहून घ्यायची. कोण किती घेणार ते गुरुवारीच वहीत हवं. अंदाजाने आणलेला माल उरतो आणि उरलेल्या मालावरून भांडणं होतात.

दुसरी गोष्ट, वेळ संध्याकाळची ठेवायची. पाच ते नऊ. शेतकऱ्याशी बोलतानाही हीच अट आधी घालायची.

तिसरी गोष्ट उधारीची. आपण नाक्यावरच्या भाजीवालीकडे का जातो? ती लिहून ठेवते, ‘पगार झाला की दे’ म्हणते. शेतकरी उधार देऊ शकत नाही. म्हणून आमच्या गटांनी बचतीतून छोटी भाजी-उचल सुरू केली. गट रोख देतो आणि बाई महिनाअखेर हप्त्याबरोबर परत करते. हे केलं नाही, तर ज्यांना स्वस्त भाजीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच बाहेर राहतात.

चौथी गोष्ट, वजनकाटा शिक्का मारलेलाच हवा, आणि पालेभाजी जुडीवर घ्यायची की वजनावर ते आधी ठरवायचं. ओली पालेभाजी वजनाला जास्त भरते.

पाचवी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. आपल्याच गटांतल्या कितीतरी जणी हातगाडी लावतात, टोपलीत भाजी विकतात. बाजार आला तर त्यांच्या पोटावर पाय येईल का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. फेरीवाल्यांच्या हक्कासाठी २०१४ साली कायदा झाला, तो उगाच नाही. आमचं म्हणणं असं, की या मैत्रिणींना बाजारात सामील करून घ्यायचं. शेतकऱ्याच्या गाडीतून त्यांनी घाऊक भावात माल उचलावा आणि उरलेले सहा दिवस तो गल्लीत विकावा. त्यांची वाशीची फेरी आणि भाडं वाचेल, आपल्याला मधल्या दिवशीही बरी भाजी मिळेल.

आता घ्यायचं काय? त्या दिवसांत जे भरपूर पिकतं तेच स्वस्त असतं. पावसाळ्यात दुधी, पडवळ, शिराळी, भेंडी आणि टाकळ्यासारख्या रानभाज्या. थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर, ओला वाटाणा. उन्हाळ्यात शेवगा, गवार, लाल भोपळा, कैरी. मुळ्याचा आणि कोवळ्या बीटचा पाला टाकू नका, एका पैशात दोन भाज्या होतात. नाचणी घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्या मानाने नावापुरतं. आणि ज्या खातात त्यांनी ट्रॉम्बे-माहुलच्या कोळणींना विसरू नये. जवळा, सुकट, मांदेली हीसुद्धा आपल्या जवळची, मधल्या हाताशिवाय मिळणारी पौष्टिक वस्तू आहे. मासे-मटणातलं लोह अंगाला लवकर लागतं.

पालेभाजीतलं लोह तेवढ्या सहज लागत नाही, म्हणून तिला मदत करावी लागते. पानावर लिंबू पिळा, आवळा किंवा कैरी घ्या. मटकीला मोड आणा. भाजी लोखंडी कढईत करा. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. तासभर थांबा. रक्त मात्र तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल, तर नुसत्या भाजीवर भागणार नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, त्या घ्याव्याच लागतील.

शेवटी ताटाबद्दल. ताजी भाजी आली, स्वस्त मिळाली, चांगली शिजली. मग ती नवऱ्याच्या ताटात गेली, पोरांच्या डब्यात गेली, सासूबाईंना वाढली. आपण मात्र पातेल्याला लागलेला रस्सा भाकरीने पुसून उठतो. असंच चाललं, तर शेतकरी बाजार दारात येऊनही आपलं रक्त वाढणार नाही. म्हणून भाजी शिजली की पहिल्यांदा आपली वाटी काढून झाकून ठेवा. मग बाकीच्यांना वाढा. यात कुणाच्या तोंडचं काढणं नाही. घर चालवणारी बाई उभी राहायला हवी, एवढंच.

या आठवड्याच्या बैठकीत वहीचं एक कोरं पान उघडा. प्रत्येकीचं नाव, घरात माणसं किती, आठवड्याला भाजी किती लागते आणि घरी यायची वेळ काय, हे लिहा. दहा गटांची अशी पानं झाली, की ती घेऊन आपण शेतकरी गटांकडे आणि पणन मंडळाकडे जाऊ. जागेसाठी महापालिकेकडेही जाऊ. गिऱ्हाईक नाही असं मग कुणाला म्हणता येणार नाही.