बार्टनच्या चिकणमातीतील शंख-शिंपले आणि त्यांचा आहार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्पशायर परगण्यातील बार्टन येथे, लाटांच्या माऱ्याने ढासळणाऱ्या कड्यांतून चिकणमातीचे जे थर उघडे पडतात, ते सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळातील उबदार व उथळ समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत. त्यांतील जीवाश्मांचे लिनियसचा शिष्य डॅनियल सोलँडर याने केलेले वर्णन 1766 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि भूवैज्ञानिक कालगणनेतील ‘बार्टोनियन’ हा कालखंड याच गावाच्या नावाने ओळखला जातो. चिकणमातीतून पाणी सहजी झिरपत नसल्यामुळे, ॲरागोनाइट या लवकर विरघळणाऱ्या चुनखनिजाची कवचे येथे त्यांच्या बारीक नक्षीसह टिकली आहेत.

मऊ चिखलाचा तळ प्रत्येक प्राण्याला मानवतोच असे नाही. कामा या शिंपल्याला स्वतःला चिकटवून घेण्यासाठी कठीण आधार लागतो, आणि चिखलात तो बहुधा दुसऱ्या एखाद्या कवचाचाच मिळतो. उलट कॉर्बुलासारखे छोटे शिंपले चिखलात उथळ रुतून पाण्यातील सूक्ष्म अन्नकण गाळून घेतात. कोकणातल्या तिसऱ्यांची उपजीविकाही याच पद्धतीने चालते. टरिटेला हा मळसूत्री शंख शंखवर्गातला असूनही अर्धवट चिखलात पडून असेच पाणी गाळतो, तर न्यूक्युला हा शिंपला पाण्याऐवजी चिखलातलेच सेंद्रिय कण तोंडाजवळच्या लांब स्पर्शांगांनी वेचतो.

प्राणी किती खोल राहत होता, हे शिंपल्याच्या आतल्या बाजूवरून कळते. प्राण्याचे मांसल आवरण कवचाला जेथे चिकटलेले असते तेथे एक रेषा उमटते, आणि पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नलिका आवरून घेण्यास जागा लागत असल्याने, लांब नलिकांच्या, म्हणजेच खोल रुतणाऱ्या प्राण्यांत या रेषेला मागच्या टोकाशी ठळक खाच पडते.

आहाराविषयीची बहुतेक विधाने अशा रीतीने कवचाच्या घडणीवरून आणि आजच्या नातलगांवरून केलेली अनुमाने असतात. कवचावरचे छिद्र मात्र प्रत्यक्ष घडलेल्या हल्ल्याची खूण असते, आणि म्हणून ते सर्वांत मोलाचे. नॅटिका कुळातील शंख चिखलातून सरकत भक्ष्याला आपल्या रुंद पायात गुंडाळतो आणि खरखरीत जिभेने व कवच मऊ करणाऱ्या स्रावाने त्याला भोक पाडतो. हे भोक बाहेरून रुंद व आत निमुळते, उतरत्या कडांचे असते. म्युरेक्स कुळातील शंखांची भोके सहसा सरळ कडांची असतात. कॉर्बुलाच्या कवचात चामड्यासारख्या सेंद्रिय द्रव्याचा एक पडदा असतो, आणि तेथवर पोचून थांबलेली अपुरी भोके पाहिली की तो शिंपला त्या हल्ल्यातून बचावला असावा, असे मानण्यास जागा राहते. विषारी दाताने भक्ष्य टिपणारा कोनस असे छिद्र ठेवत नाही. त्याचा आहार आजच्या कोनसांवरूनच ठरवावा लागतो.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे, कारण वादळी लाटा निरनिराळ्या वस्तीतील रिकामी कवचे एकाच ठिकाणी लोटतात, आणि एकत्र सापडलेले सारे प्राणी एकत्र जगले होते असे गृहीत धरले तर चित्र चुकते. दोन्ही झडपा मिटलेल्या व जगताना होती त्याच स्थितीत आढळणारी शिंपली हा त्याहून भक्कम पुरावा ठरतो. म्हणून जीवाश्म गोळा करणाऱ्या प्रत्येकाने कवच उचलण्यापूर्वी ते कोणत्या थरात, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या कवचांच्या सोबतीने होते, याची नोंद करून ठेवावी.