खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये गोडं पाणी का भरायचं?

पोलादपूरच्या एका मित्राकडे समुद्री माशांचा टँक आहे, खालच्या संपसकट १०० लिटरचा. त्याच्या ऑटो टॉप-ऑफचा, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा, कोड मी लिहिला. त्याचा पहिला प्रश्न: पाणी खारं आहे, मग भर गोड्या पाण्याची का?

उत्तर आपल्याच जिल्ह्यात, पेण-उरणच्या मिठागरांत आहे. ऊन पाणी नेतं, मीठ मागे ठेवतं. टँकमध्ये हेच सावकाश होतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे १०० लिटरमध्ये साडेतीन किलो. समजा रोज १ लिटर उडालं आणि तुम्ही तेवढं खारं पाणीच ओतलंत, तर महिन्यात १ किलोहून जास्त मीठ वाढलं. क्षारता ३५ वरून थेट ४५ वर. प्रवाळ आणि कोळंबीचं मग काही खरं नाही.

टायमर लावून रोज ठरावीक पाणी सोडणं सोपं वाटतं, पण आपल्याकडे ते चालत नाही. एप्रिलमध्ये महाडच्या उकाड्यात टँकवर पंखा सोडला की पाणी भराभर उडतं. जुलैमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे टँक काय वाळणार! म्हणून पातळी बघूनच पाणी सोडायचं. फ्लोट स्विच संपमधल्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात बसवायचा, कारण पाणी उडालं की पातळी तिथेच उतरते.

खरी गंमत लाइट गेल्यावर. पंप थांबतो, वरचं पाणी खाली येऊन संप भरतो. लाइट आली की पंप ते झपाट्याने वर खेचतो, कप्प्यातली पातळी थोडा वेळ जास्तच खाली जाते आणि सेन्सरला वाटतं पाणी उडालं. म्हणून कोडमध्ये लाइट आल्यावर १० मिनिटं थांबायचं. टॉप-ऑफचा पंप एका वेळी २ मिनिटांपेक्षा जास्त चालला तर बंद करून अलार्म द्यायचा.

तरी कोडवर सगळा भरवसा नको. रिले चिकटला तर माझा कोड काहीच करू शकत नाही. त्यामुळे गोड्या पाण्याचा कॅनच लहान ठेवा. ५ लिटर एकदम आत गेलं तर क्षारता ३३ च्या आसपास येते. २० लिटर गेलं तर २९. आणि पाइपचं तोंड कॅनमधल्या पाण्याच्या पातळीच्या वर हवं, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी येत राहतं.

गोडं पाणी आरओचं घ्या, पण टीडीएस मीटरने तपासून. घरच्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळतात. त्यातले क्षारही टँकमध्येच साठतात. आकडा शून्याजवळ हवा.

शिवाय ही यंत्रणा पातळी सांभाळते, क्षारता नाही. स्किमरमधून आणि उडणाऱ्या तुषारांतून थोडं मीठ बाहेर जातच असतं. आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, आणि तो ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवून घ्या. आकडा घसरलेला दिसला तर थोडे दिवस कॅनमध्ये मुद्दाम खारं पाणी भरा, आणि ३५ आला की परत गोडं.