पहाटेची पावलं (लेखांक ७) : आज हळू पळा

रोज किती वेगानं पळायचं? ही लेखमाला सुरू झाल्यापासून सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. गेल्या रविवारी आपण बूट कसे निवडायचे ते पाहिलं. आज या प्रश्नाचं उत्तर आधी देतो आणि कारणं मागाहून सांगतो. आठवड्यात पाच दिवस पळत असाल, तर चार दिवस आत्तापेक्षा बरंच हळू पळा आणि उरलेल्या एका दिवशी मनापासून जोर लावा. हौशी धावपटूच्या सरावाचं सार एवढंच आहे. ते पटायला मात्र वेळ लागतो, कारण धाप लागली, अंग दुखलं तरच सराव झाला, अशी आपली पक्की समजूत असते.

जळगावजवळच्या असोद्याहून भादलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला ही समजूत डोळ्यांनी पाहता येते. एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला कपाशी आणि मधल्या डांबरावर भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्यामुळे ही पोरं रोज तेवढंच अंतर रोज तेवढ्याच जिवावर उदार होऊन पळतात, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहतात आणि मोबाइलवर वेळ बघतात. पहिला महिना वेळ झपाट्यानं कमी होते. मग ती अडते. मग एकेकाची नडगी दुखायला लागते आणि रस्त्यावरची गर्दी विरळ होत जाते. या पोरांमध्ये जिद्द कमी नसते. ज्या मेहनतीवर त्यांची नोकरी अवलंबून आहे ती अशी वाया जाताना पाहिली की जीव तुटतो. म्हणूनच आजचा भाग जरा सविस्तर लिहितो आहे.

जोर रोजचा, फायदा महिन्याचा

पळायला सुरुवात केली की शरीरातले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीनं तयार होतात. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, म्हणून दम लवकर वाढतो. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो. स्नायुबंध आणि हाडं यांना तर कित्येक महिने लागतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवं, मजबूत हाड भरतं. मधल्या काही आठवड्यांत ते हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या याच काळात दम वाढल्यानं उत्साह उतू जात असतो आणि आपण वेग वाढवतो. नडगीचं दुखणं इथून सुरू होतं. दुर्लक्ष केलं, तर हाडाला बारीक चीर पडते आणि दोन-तीन महिने घरी बसावं लागतं.

हळू पळण्यात हाडांवरचा मारा कमी होतो, हा झाला एक फायदा. त्याहून मोठा फायदा आतून होतो. सावकाश आणि जास्त वेळ पळालं की हृदयाचा प्रत्येक ठोका जास्त रक्त पुढे ढकलायला शिकतो. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढते. शरीर साखर राखून ठेवून चरबी जाळायला शिकतं. हे सगळे बदल वेळ मागतात, वेग मागत नाहीत. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. मोकाट पाणी सोडलं की सरी भरलेली दिसते, पण पीक पोसतं ते ठिबकनं मुळाशी रोज थोडं थोडं मुरणाऱ्या पाण्यावर.

जगाला हे पटवून दिलं ते न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस स्वतःवर प्रयोग करत शिकला. आपल्या खेळाडूंना तो आधी कित्येक आठवडे फक्त लांब पळायला लावी, आठवड्याला १०० मैलांपर्यंत. त्यांच्यातला पीटर स्नेल हा ८०० मीटरचा खेळाडू, म्हणजे शर्यत दोन मिनिटांच्या आतली. तरीही तो लांब पल्ल्याच्या धावपटूंबरोबर टेकड्या तुडवी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यानं ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि १९६४ मध्ये टोकियोला ८०० आणि १५०० अशी दोन सुवर्णपदकं मिळवली. भरतीच्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवावं. १६०० मीटर चांगलं पळायचं असेल, तर आठवड्यातले बहुतेक दिवस पाच-सहा किलोमीटर आरामात पळायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर यांचं. लांब पल्ल्याच्या शर्यतींत मुरलेली ही धावपटू मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि नंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषा यांच्या १९८४ च्या शर्यतीनंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. वेग आला तो पायाभरणीनंतर.

हळू म्हणजे किती हळू?

यासाठी महागडं घड्याळ लागत नाही. पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. एकटे असाल तर एखादा अभंग किंवा आरती मध्ये न अडखळता म्हणून पाहा. ज्याला १० किलोमीटरच्या शर्यतीला तासभर लागतो, त्यानं सोप्या दिवशी किलोमीटरला सव्वासात ते पावणेआठ मिनिटं घ्यायला हरकत नाही. एलिउड किपचोगेनं २०२२ मध्ये बर्लिनची मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे दर किलोमीटर २ मिनिटं ५२ सेकंद. सरावातल्या सोप्या दिवशी तोही त्याहून किलोमीटरमागे मिनिटभर तरी सावकाश पळतो.

हळू पळायला अडवतो तो आपला अभिमान. असोद्याच्या रस्त्यावर शेताकडे निघालेले आप्पा सायकलवरून जवळ येतात, हसून विचारतात, "काहाले पयतो रे भो सकायी सकायी?" आणि पायडल न मारल्यासारखे पुढे निघून जातात. मागून एखादा पोरगा सुसाट येतो आणि आपोआप आपलीही पावलं वाढतात. तिथे स्वतःला आवरणं हाच त्या दिवसाचा सराव. आप्पांना हात करावा, पोराला वाट द्यावी आणि आपला श्वास सांभाळावा.

खान्देशातलं ऊन

पुण्या-मुंबईचे किंवा परदेशातले सरावाचे तक्ते आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत, याचं कारण हवा. जानेवारीत पहाटे स्वेटर घालावा लागतो आणि मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. त्या दिवसांत पहाटेही गारवा नसतो, भिंती आणि डांबर रात्रभर आग ओकत असतात.

पळणाऱ्या शरीरात किती उष्णता तयार होते त्याचा हिशोब सोपा आहे. ६० किलोचा माणूस १० किलोमीटर पळाला की साधारण ६०० कॅलरी खर्च होतात. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा पुढे जाण्याच्या कामी येतो. उरलेल्या ४५० कॅलरी म्हणजे निव्वळ उष्णता. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे एवढ्या पळण्यासाठी पाऊण लिटरच्या वर घाम अंगावर *वाळायला* हवा. नुसता गळून गेलेला घाम थंडावा देत नाही.

यातून आपल्या दोन ऋतूंचा फरक कळतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत घाम निघता निघता वाळतो. अंग फारसं ओलं दिसत नाही, म्हणून पाणी कमी पडल्याचं लक्षात येत नाही. घरी आल्यावर गडद रंगाचा टी-शर्ट वाळत टाकताना पाठीवर आणि छातीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात, तेव्हा किती घाम गेला ते समजतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा खाली असतो, पण हवा दमट असते. घामाच्या धारा लागतात, वाळत काहीच नाही, आणि साध्या वेगालाही हृदय धडधडतं. या दोन्ही ऋतूंत जानेवारीतला वेग गाठण्याचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात किलोमीटरमागे अर्धा ते एक मिनिट जास्त लागलं, तरी शरीराला पडणारे कष्ट तेवढेच असतात. वेग वाऱ्यावर सोडा, श्वास सांभाळा.

शरीर उन्हाला सरावतंही. रोज थोडा वेळ, सोप्या वेगानं पळालं, तर १० ते १४ दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून जाणारं मीठ कमी होतं. चार आठवडे खंड पडला की ही कमाई बरीचशी जाते, म्हणून गावाहून परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

पाण्याचा अंदाज घ्यायला घरचा वजनकाटा पुरतो. पळण्याआधी आणि पळाल्यानंतर घाम पुसून वजन करा. मध्ये काही प्यायलं नसेल, तर जेवढे किलो कमी झाले तेवढे लिटर घाम गेला. लांब पळून आल्यावर नुसतं पाणी ढोसू नका. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळलं की उत्तम. अति पाणी पिणंही घातक असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं. पळताना भरमसाट पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत हा धोका जास्त होता. तहान लागेल तसं प्यावं.

एक गोष्ट पाठच करा. उन्हात पळताना सोबती बरळायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, तर तो उष्माघात समजावा. कपडे सैल करून, सावलीत नेऊन, मिळेल त्या गार पाण्यानं त्याला भिजवा, काखेत आणि मानेवर बर्फ लावा. गाडी बोलवायला सांगा, पण ती येईपर्यंत थांबू नका. पहिली काही मिनिटं शरीर थंड करण्यात गेली, तर जीव वाचतो.

शर्यतीचा दिवस

जळगाव रनर्स ग्रुपच्या 'खान्देश रन'मुळे आता आपल्या गावांतली माणसंही छातीवर क्रमांक लावून पळायला लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. घरची धुणीभांडी आटोपून ३ किलोमीटरला उभी राहिलेली काकू आणि २१ किलोमीटरला उभा राहिलेला शिक्षक एकाच सकाळी रस्त्यावर दिसतात. शर्यत कितीही किलोमीटरची असो, सरावातली सावकाशी तिथे उपयोगी पडते.

मुंबई मॅरेथॉनला गेलो तेव्हा हे मी स्वतः अनुभवलं. आदल्या रात्री डोंबिवलीला मावशीकडे साधा वरणभात जेवलो. भाचा आला म्हणून मावशीनं शेवभाजीचा घाट घातला होता, ती दुसऱ्या दिवसावर ठेवायला लावली. तिखट, तेलकट शेवभाजी काय किंवा तुपात भिजलेली वरण-बट्टी काय, शर्यतीच्या आदल्या रात्री पोटाला जड जाते. पहाटे एक केळं आणि थोडं पाणी, बस. शर्यत सुटली आणि चहूबाजूंनी माणसं भरधाव निघाली. मी मात्र भादलीच्या रस्त्यावरचाच श्वास धरला, शेजाऱ्याशी बोलता येईल असा.

याचं कारण यकृतातल्या आणि स्नायूंतल्या साठ्यात आहे. यकृत आणि स्नायू मिळून शरीर सुमारे २००० कॅलरींची साखर साठवतं. वेग जेवढा जास्त, तेवढी साखर भराभर जळते. सुरुवातीला उधळलं, तर ३० किलोमीटरच्या आसपास साठा संपतो, पाय शिशाचे होतात आणि डोकंही चालेनासं होतं. मुंबईत नेमकं त्यानंतर पेडर रोडचा चढ येतो. तिथे कितीतरी जण चालताना दिसले, सुरुवातीला माझ्या पुढे गेलेले. रस्त्याच्या कडेला आजी-आजोबा संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं घेऊन उभे होते. एका आजींनी हातात फोड ठेवून "पळ रे बाळा" म्हटलं. चढ मी पळत संपवला आणि शेवटचे किलोमीटर सगळ्या शर्यतीतले सर्वांत वेगवान गेले. तो वेग माझ्यात कितीतरी हळू सकाळींनी भरला होता.

या आठवड्याचा सराव

सोमवारी विश्रांती. मंगळवारी आणि गुरुवारी ४० मिनिटं बोलता येईल अशा वेगानं. बुधवारी जोराचा दिवस: १० मिनिटं हळू पळून अंग मोकळं करा, मग ४०० मीटर जोरात आणि दोन मिनिटं चालत, असं सहा वेळा, आणि शेवटी पुन्हा १० मिनिटं हळू. तीन महिन्यांपेक्षा कमी काळ पळत असाल, तर बुधवारीही सोपंच पळा. शुक्रवारी विश्रांती. शनिवारी अर्धा तास हळू. रविवारी एक तास, तोही हळू, वाटलं तर मध्ये चालत.

भरतीच्या पोरांनीही हाच तक्ता महिनाभर पाळावा आणि १६०० मीटरची वेळ महिन्यातून एकदाच घ्यावी. रोज वेळ मोजल्यानं वेळ सुधारत नाही. आणि नडगीचं हाड बोटानं दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर तक्ता बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या रविवारी : गुडघे. पळण्यानं गुडघे झिजतात का, चाळिशीनंतर सुरुवात करावी का आणि कोणते व्यायाम घरच्या ओट्याजवळ उभं राहूनही करता येतात, ते पाहू.