पिनकोड आणि संख्यांची क्रमवारी

टेंभुर्णी नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. आपली टेंभुर्णी सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, तर दुसरी जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात. वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीचे पत्र यांपैकी कोणत्या गावी जावे, हे पाकिटावरील सहा अंक ठरवितात. आपला पिनकोड ४१३ ने सुरू होतो, जालन्याकडील ४३१ ने. अंक तेच, केवळ त्यांच्या जागा बदलल्या, तरी पत्राची वाट चुकते.

ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग व तिसरा वर्गवारीचा जिल्हा दर्शवितो. शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. टपाल वेगळे करणारा कर्मचारी दोन पत्रांची परस्परांशी तुलना करीत बसत नाही. अंक पाहून पत्र त्या खणात टाकतो. पूर्णांकांची क्रमवारी संगणकावर जलद लावण्याची एक रीत याच तत्त्वावर उभी आहे.

एक हजार संख्यांतील प्रत्येक जोडी ताडून पाहिली, तर ४,९९,५०० तुलना होतात. केवळ तुलनेवर चालणाऱ्या उत्तमोत्तम पद्धतींनाही सर्वसाधारणपणे साडेआठ हजारांहून अधिक तुलना लागतात. मात्र संख्या सहा अंकी असतील, तर ० ते ९ असे दहा खण मांडून सहा फेऱ्यांत, म्हणजे सहा हजार वेळा खणात टाकून, काम पुरे होते.

उदाहरण म्हणून ४१३, ४३१, ४११ या संख्या घेऊ. प्रथम एकक पाहावा : १ च्या खणात ४३१ व ४११, ३ च्या खणात ४१३. खण क्रमाने रिकामे केले की ४३१, ४११, ४१३ मिळतात. आता दशक पाहावा : १ च्या खणात ४११ व ४१३, ३ च्या खणात ४३१. शतक सर्वांचा ४ च असल्याने क्रम बदलत नाही. उत्तर ४११, ४१३, ४३१.

येथे एक अट आहे. प्रत्येक खण ही रांग असावी. जी संख्या आधी आली, तीच आधी बाहेर पडावी. दुसऱ्या फेरीत ४११ आणि ४१३ एकाच खणात गेल्या, तेव्हा पहिल्या फेरीने लावलेला त्यांचा क्रम रांगेनेच जपला. रांग मोडली, तर आधीचे श्रम वाया जातात. भिक्खुसंघातील ज्येष्ठताही अशीच ठरे. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली, म्हणून तो त्यांना ज्येष्ठ झाला. जन्माचा विचार तेथे झाला नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. संख्या थोड्या, पण अंक पुष्कळ असतील, तर फेऱ्या वाढतात व लाभ उरत नाही. खणांसाठी जागाही अधिक लागते. म्हणून क्रमवारी लावण्यापूर्वी संख्या किती आणि अंक किती, हे आपण प्रथम पाहावे.

आमच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग वर्गातच करून पाहावा. दहा खोकी आणि आपापले हजेरी क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे.