सर्वर आलं का हो?

इस्लापुरात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं, तेव्हा बिघाडाला एकच नाव होतं: सर्वर डाऊन. वीज गेली, राउटर तापला, रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली, सगळ्याला तेच. बाकड्यावरची माणसंही तेच विचारायची, "सर्वर आलं का हो?"

पिंग मला नांदेडच्या एका दुरुस्तीवाल्या पोरानं फोनवरून शिकवलं. काळी खिडकी उघडायची, 'पिंग' टाइप करायचं, पुढं पत्ता. आधी राउटरचा, १९२.१६८.१.१. तिथून उत्तर आलं म्हणजे दुकानातली वायर धड आहे. मग गूगलचे चार आठ, ८.८.८.८. तेही बोलले म्हणजे बाहेरची लाइन शाबूत. आता दोष असलाच तर पलीकडं. विंडोज चार हाका मारून थांबतं, लिनक्स आपण अडवेपर्यंत मारतच राहतं. पहिल्या डोंगलवर एका हाकेचं उत्तर यायला सातशे-आठशे मिलिसेकंद लागायचे. हल्ली चाळिसाच्या आसपास.

हा प्रोग्रॅम माइक मूस या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३मध्ये लिहिला. पाणबुडीचा सोनार आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतो, त्या आवाजावरून नाव दिलं. गंमत म्हणजे ज्या बिघाडासाठी त्यानं हे लिहिलं, तो पहिली हाक जायच्या आतच दुरुस्त झाला होता. आमच्याकडं हे नेहमीचंच. लाइनमन निघाला की लाइन येते.

पिंगवर माझा आंधळा विश्वास बसला होता, तो एका जुलैत उडाला. पीक विम्याची शेवटची तारीख, दारात रांग, आणि चारही उत्तरं झकास येत होती. पान मात्र उघडेना. तेव्हा कळलं, मशीन जागं असणं वेगळं आणि त्यावरचं काम चालू असणं वेगळं. उलटही घडतं: कित्येक सर्वर सुरक्षेसाठी पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, काम मात्र बिनबोभाट करतात. तेव्हापासून मी 'कर्ल'ही वापरतो. ते थेट पान मागतं, आणि नुसतं 'आहे' यावर समाधान मानत नाही. २०१८पासून विंडोज १०मध्ये ते आयतंच मिळू लागलं.

रांगेतल्या लोकांना कर्ल काही रुचलं नाही. त्यात मोजायला काही नसतं. सहस्रकुंडाच्या बाजूचे एक आजोबा येतात, वाचता येत नाही, पण काळ्या खिडकीकडं बोट करून विचारतात, "चारातल्या किती आल्या?" तीन म्हटलं की बाकड्यावर बसतात. एक म्हटलं की धोतर सावरून चहाला जातात.